सिरीज एसचे ग्राफिक्स कमी पडतात का? दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेत आमचं कन्सोलचं, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांचं, दुकान आहे. नवे-जुने विकतो, दुरुस्त करतो, आणि मागच्या खोलीत तासावर खेळायला तीन टीव्ही लावलेत. दिवसातून चारदा तरी कोणीतरी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एसचा तो छोटा पांढरा डबा हातात घेऊन विचारतं, "हा स्वस्त कसा? ग्राफिक्स बाद आहेत काय?" सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. वाचून तुम्ही महागातला घ्या नाहीतर स्वस्तातला, मला दोन्ही सारखेच. घेतल्यावर आठ दिवसांनी परत करायला आलात की मात्र वाद होतो, तेवढा टाळायचा आहे.

सिरीज एस आणि सिरीज एक्स यांत नेमका फरक काय? नाव तर एकच आहे.

दोन्ही एकाच दिवशी बाजारात आले, १० नोव्हेंबर २०२० ला. भारतात तेव्हा एस होता ३४,९९० रुपयांना आणि एक्स ४९,९९० ला. समोरचा, सोनीचा प्लेस्टेशन ५ आपल्याकडे आला २ फेब्रुवारी २०२१ ला, तोही ४९,९९० ला. हे भाव तेव्हाचे, आजचा भाव काउंटरवर विचारा.

वाचलेले पंधरा हजार कुठून काढले? डिस्क घालायची फट काढून टाकली. साठवणीची जागा १ टीबीवरून ५१२ जीबीवर आणली. चित्र काढणारी चिप लहान केली आणि रॅम, म्हणजे चालू गेमचा माल हाताशी ठेवायची मेमरी, १६ जीबीऐवजी १० जीबी ठेवली. प्रोसेसरला मात्र फारसा हात लावला नाही. दोन्हीत आठ कोर आहेत, एक्सचा वेग ३.८ गिगाहर्ट्झ, एसचा ३.६. गेम साठवणाऱ्या एसएसडीचा वेगही तोच. म्हणून गेम उघडायला, शत्रूंनी हालचाल करायला, गाडी वळायला एसवर काही वेगळं वाटत नाही. जे कमी आहे ते डोळ्यांना दिसणारं.

पोरं सारखी टेराफ्लॉप, टेराफ्लॉप करतात. ते काय असतं?

कारखान्याची गाळप क्षमता असते ना, दिवसाला अमुक टन, तसलाच हा आकडा. एका सेकंदात चिप किती गणितं करू शकते ते सांगतो. सिरीज एस ४, सिरीज एक्स १२, प्लेस्टेशन ५ सव्वादहाच्या आसपास. हिशेब सोपा आहे. एसमध्ये २० युनिट, प्रत्येकात ६४ गणिती भाग, प्रत्येक भाग एका ठोक्याला दोन गणितं करतो, आणि सेकंदाला दीड अब्जाहून थोडे जास्त ठोके. गुणाकार केला की चार लाख कोटी येतात. एक्समध्ये तीच युनिट ५२ आहेत आणि ठोकेही जास्त.

पण गाळप क्षमता पाच हजार टनांची आहे म्हणून कारखाना रोज पाच हजार टन गाळतो असं कुठे असतं? ऊस वेळेवर आला पाहिजे, यार्डात गाड्या उभ्या राहायला जागा पाहिजे, गव्हाणीत मोळी पडत राहिली पाहिजे. कन्सोलचं यार्ड म्हणजे रॅम. आणि यार्डातून गव्हाणीत ऊस टाकायचा वेग म्हणजे मेमरीची बँडविड्थ. पोरं टेराफ्लॉपवर भांडतात आणि यार्डाकडे कोणी बघत नाही. खरी गोम तिथंच आहे, त्यावर खाली सविस्तर.

ताकद एक तृतीयांश, म्हणजे चित्र तीन पट खराब?

नाही. एक्सला ४के चित्र काढायचं असतं. त्यात सुमारे ८३ लाख ठिपके येतात. एसचं उद्दिष्ट ठेवलंय १४४०पी, म्हणजे सुमारे ३७ लाख ठिपके. निम्म्याहून कमी काम, मग ताकदही कमी लागणार. कागदावर हा हिशेब चोख बसतो आणि मायक्रोसॉफ्टने तो तसाच मांडला होता.

प्रत्यक्षात नवे जड गेम एसवर १४४०पीसुद्धा गाठत नाहीत, १०८०पी किंवा ९००पीवर उतरतात. ९००पी म्हणजे साडेचौदा लाख ठिपके. मोठ्या टीव्हीवर ते ताणून दाखवलं की लांबच्या विजेच्या तारा तुटक दिसतात आणि झाडांची पानं चिखल झाल्यासारखी एकमेकांत मिसळतात.

आमच्याकडे ३२ इंची टीव्ही आहे. फरक दिसेल का?

याचं उत्तर एका रविवारी दुकानातच मिळालं, तेच सांगतो.

पलूसकडचा एक मुलगा आईला घेऊन आला. मुलगा यूट्यूब बघून तयार होऊन आलेला, एस म्हणजे सगळं धूसर असतं म्हणून एक्सच घ्यायचा. मावशींचं म्हणणं, पंधरा हजार वाचत असतील तर वाचू देत की, द्राक्षाची छाटणी तोंडावर आहे. मी म्हटलं भांडू नका. ३२ इंची एचडी रेडी टीव्ही घेतला, दहा फुटांवर दोन स्टुलं टाकली, दोन्ही कन्सोल टॉवेलखाली झाकले आणि दोन्हीवर फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांचा गेम लावला. आलटून पालटून तीनदा दाखवलं. पोरगं तीनपैकी दोनदा चुकलं. चुकणारच. एचडी रेडी टीव्हीत आडवे १३६६ आणि उभे ७६८ असे मिळून साडेदहा लाखच ठिपके असतात. गेम आत ८३ लाखांचं चित्र काढो नाहीतर ३७ लाखांचं, पडद्यावर दोन्ही त्याच साडेदहा लाखांत कोंबलं जातं.

मग तेच दोन्ही कन्सोल ५५ इंची ४के टीव्हीला लावले आणि स्टुलं पाच फुटांवर ओढली. एसवर ६० फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, मोड होता, त्यात चित्र १०८०पी. गाडी माळावरून सुसाट निघाली आणि मुलगा काही बोलायच्या आत मावशी म्हणाल्या, "अगं बाई, ते गवत आत्ता कुठनं उगवलं?"

बरोबर हेरलं त्यांनी. लांबचं गवत, झुडपं, दगड काढायला वेळ आणि मेमरी दोन्ही लागतात. कमी ताकदीच्या कन्सोलवर ती जवळ आल्यावरच काढतात, आणि गाडीचा वेग जास्त असला की डोळ्यांदेखत फुटल्यासारखी दिसतात. एक्सवरही हे होतं, फक्त लांबवर होतं म्हणून लक्षात येत नाही. पूर्वीच्या गेममध्ये हे झाकायला धुकं सोडायचे. डिसेंबरात सकाळी सहाला आयर्विन पुलावरून नदीकडे बघितलं की अर्ध्या पात्रापलीकडे काही दिसत नाही, तसलं. ज्यांनी जुने कन्सोल खेळलेत त्यांना ते धुकं आठवत असेल.

मावशींनी शेवटी एस घेतला, घरी टीव्ही ३२ इंचीच होता. तुमचा टीव्ही ४३ इंचापर्यंत असेल आणि पलंगावर बसून लांबून खेळणार असाल तर ठिपक्यांच्या फरकासाठी जास्तीचे पैसे घालवू नका. ५५ इंची ४के टीव्हीसमोर जवळ बसणार असाल तर फरक दिसतो, आणि एकदा दिसला की दिसतच राहतो.

मग खरी अडचण कुठे आहे?

रॅममध्ये. एसमध्ये १० जीबी आहे, त्यातली ८ जीबी सेकंदाला २२४ जीबी वेगाची. उरलेली २ जीबी ५६ च्या संथ वेगाची, ती बहुतेक कन्सोलच्या स्वतःच्या कामाला जाते. एक्समध्ये १६ जीबी, त्यातली १० जीबी ५६० च्या वेगाने. प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी, सगळी ४४८ ने.

आता नीट बघा. चित्राचे ठिपके कमी केले की चिपचं काम जवळपास त्याच प्रमाणात कमी होतं. मेमरीचं तसं होत नाही. गेममध्ये एक बाजारपेठ आहे, तिच्यात दोनशे माणसं फिरतायत, प्रत्येकाचं शरीर, कपडे, चालण्याची पद्धत, बोलणं हे सगळं यार्डात हजर लागतं. ठिपके ८३ लाखांवरून २० लाखांवर आणले म्हणून पेठेतली माणसं कमी होत नाहीत. कपड्यांवरची नक्षी जाडीभरडी करता येते, सावल्या उडवता येतात, पण माणूस तो माणूसच. म्हणून गेम बनवणारे एसचं नाव काढलं की टेराफ्लॉपबद्दल क्वचित बोलतात, मेमरीबद्दल बोलतात. मायक्रोसॉफ्टलाही हे कळलं होतं. २०२२ मध्ये त्यांनी यंत्रणेच्या वाट्यातली काहीशे एमबी मोकळी करून गेमवाल्यांना दिली. मोळ्या टाकायला यार्डाच्या कडेची जागा साफ करून द्यावी तसं.

त्यात मायक्रोसॉफ्टचा नियम असा की सिरीज एक्सवर येणारा गेम एसवरही आलाच पाहिजे, आणि सगळ्या सोयींसकट. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने नियम चांगला आहे. गेमवाल्यांच्या दृष्टीने डोकेदुखी.

असं खरोखर कुठल्या गेमच्या बाबतीत झालंय का?

बाल्डर्स गेट ३. पीसीवर ऑगस्ट २०२३ ला आला, प्लेस्टेशन ५ वर सप्टेंबरला. एक्सबॉक्सवर अडकला, कारण एकाच टीव्हीवर स्क्रीन दुभागून दोघांनी खेळायची सोय एसवर बसेना. दोन खेळाडू दोन वेगळ्या ठिकाणी गेले की यार्डात दोन्ही ठिकाणांचा माल लागतो. शेवटी मायक्रोसॉफ्टने नियमाला अपवाद केला, एसवर ती सोय वगळली आणि डिसेंबर २०२३ ला गेम आला. पुढची गंमत कोणी सांगत नाही. गेम बनवणाऱ्या लारियन कंपनीने काम चालूच ठेवलं आणि एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीत, एसवरही स्क्रीन दुभागली. सव्वा वर्षाहून जास्त लागलं, पण त्याच १० जीबीत बसवलं.

दुसरा ब्लॅक मिथ वुकाँग. प्लेस्टेशन ५ वर २० ऑगस्ट २०२४, एक्सबॉक्सवर बरोबर एक वर्षाने. मधल्या काळात गेमच्या निर्मात्यांनी स्वतःच एसच्या १० जीबी सामाईक मेमरीकडे बोट दाखवलं होतं.

म्हणजे एस घेणाऱ्याचं दुखणं धूसर चित्रापुरतं नाही. एखादा गेम उशिरा येतो, एखादी सोय गाळून येतो. आणि गंमत अशी की एक्सवाल्यालाही त्याच्याबरोबर थांबावं लागतं. आमच्याकडे एक्स घेतलेल्या एका गिऱ्हाइकाने यावरून एसवाल्याशी मागच्या खोलीतल्या गेम पार्लरमध्ये हुज्जत घातली होती. चहा पाजून मिटवलं.

६० फ्रेम मिळतात का?

गेम बघून. फुटबॉलसारखे खेळाचे गेम एसवर ६० ने मजेत चालतात. तुमचा मुलगा दिवसभर तेच खेळत असेल तर बाकीचं वाचायचीही गरज नाही.

मोकळ्या जगाच्या, म्हणजे हवं तिकडे फिरता येणाऱ्या, गेममध्ये निवड करावी लागते. फोर्झा होरायझन ५ एक्सवर ४के आणि ६० फ्रेम दोन्ही एकदम देतो. एसवर १४४०पी घेतलं तर ३० फ्रेम, ६० फ्रेम घेतल्या तर १०८०पी. सायबरपंक २०७७ च्या फेब्रुवारी २०२२ च्या नव्या आवृत्तीत एसला ३० फ्रेमच मिळाल्या. ६० चा मोड पुढे सप्टेंबरात आला, तोही ९००पीचा. स्टारफिल्ड दोन्हीवर ३० ने आला, एक्सवर ४के आणि एसवर १४४०पी.

माझं मत विचाराल तर एसवर निवड असली की डोळे झाकून ६० चा मोड घ्या. चित्र थोडं मऊ चालतं. अडखळणारा हात चालत नाही.

रे ट्रेसिंग?

प्रकाशाचा किरण कुठे आपटून कुठे जातो याचं खरं गणित करून चिखलपाण्यात, काचेत प्रतिबिंब दाखवायचं. जड काम आहे. चिपमध्ये सोय आहे, पण एसवर बरेच गेम ती बंदच ठेवतात, वर सांगितलेला सायबरपंक त्यांतलाच. त्यासाठी एस घेऊ नका.

माझ्याकडे एक्सबॉक्स वनचे जुने गेम आहेत. ते तरी चांगले दिसतील ना?

इथे बरेच फसतात. एसवर जुना गेम चालतो तो मागच्या पिढीतल्या एक्सबॉक्स वन एसच्या आवृत्तीत. त्याच पिढीतल्या जास्त ताकदीच्या वन एक्ससाठी केलेली सुधारित, ४के आवृत्ती त्याला मिळत नाही, कारण ती बसायला मेमरी पुरत नाही. रेड डेड रिडेम्प्शन २ घ्या. सिरीज एक्सवर तो ४के दिसतो आणि एसवर ८६४पी. २०२० चा कन्सोल २०१७ च्या वन एक्सपेक्षा त्या गेममध्ये धूसर दिसतो, आणि गिऱ्हाईक मला म्हणतं तुम्ही खराब पीस दिला. नाही हो, पीस चांगला आहे.

शिवाय तुमचे गेम डिस्कवर असतील तर विषयच संपला. एसला डिस्कची फट नाही.

कमजोर कन्सोल बाजारात टिकतो का? उद्या बंद पडला म्हणजे?

ताकदीवर कन्सोल टिकत असते तर आमच्या धंद्याचा इतिहास उलटा झाला असता. सांगली-मिरजेच्या पार्लरांत अख्खी पिढी ज्याच्यावर वाढली तो प्लेस्टेशन २ मार्च २००० चा. ३२ एमबी रॅम आणि चित्रासाठी अवघी ४ एमबी. दीड वर्षाहून जास्त काळाने आलेल्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये ६४ एमबी होती, चित्र डोळ्यांना सरळ उजवं दिसायचं. विकले गेले कुठले? प्लेस्टेशन २, पंधरा कोटींहून जास्त. २००६ चा निन्टेन्डो वी तर ४८०पीवर थांबायचा, त्याच महिन्यात आलेला प्लेस्टेशन ३ एचडी दाखवायचा. वी दहा कोटींवर गेला.

त्या ४ एमबीत गेमवाल्यांनी काय काय बसवलं ते आजही मी जुना प्लेस्टेशन २ दुरुस्त करून लावला की बघत बसतो. दुकान उघडं असताना बसू नये, पण बसतो.

निन्टेन्डो स्विचचं काय? तो तर याहून कमी आहे म्हणे.

पहिला स्विच, मार्च २०१७ चा, त्यात ४ जीबी रॅम आणि मोबाइलच्या घराण्यातली चिप. हातात धरून खेळलं तर ७२०पी, टीव्हीवर जास्तीत जास्त १०८०पी. जून २०२५ ला आलेल्या स्विच २ मध्ये १२ जीबी आहे, एसपेक्षा दोन जास्त. चिपची ताकद एसच्या खालीच, पण कमी ठिपक्यांचं चित्र हुशारीने मोठं करायची एनव्हिडियाची युक्ती त्यात आहे. आपल्याकडे निन्टेन्डोची अधिकृत विक्री नाही, येतो तो आयात होऊन, वॉरंटीचं तुमचं तुम्ही बघायचं. आम्ही ठेवत नाही.

एस घेतलाय. चित्र जमेल तेवढं चांगलं कसं करू?

आधी टीव्हीत गेम मोड चालू करा. मग टीव्हीची शार्पनेस कमी करा. दुकानदार शोरूममध्ये ती वाढवून ठेवतात आणि ९००पीच्या चित्रावर ती तारांच्या, केसांच्या कडेला पांढरी रेघ ओढते. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

टीव्ही फुल एचडी असेल तर कन्सोल १०८०पीवरच ठेवा. गेम आत १४४०पी काढत असेल तर तो आकुंचित होऊन येतो आणि कडा उलट गुळगुळीत दिसतात. टीव्ही ४के असेल तर सेटिंगमध्ये ४के निवडा. चित्र ताणायचं काम कन्सोल करेल आणि गेममधले आकडे, अक्षरं स्वच्छ येतील. काही ४के टीव्ही १४४०पी ओळखतच नाहीत, काळा पडदा दाखवतात. घाबरून फोन करू नका, आउटपुट बदला.

जागा किती मिळते?

५१२ पैकी ३६४ जीबीच्या आसपास. एसला ४केचं जाडजूड टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवायची नक्षी, लागत नाही म्हणून त्याचे गेम सुमारे ३० टक्के लहान असतील असं मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये सांगितलं होतं. काहींचे असतात. तरी चार मोठे गेम टाकले की भरतं.

लाईट गेली तर इन्व्हर्टरवर चालेल का?

एस चालतो. गेम खेळताना ८० वॉटच्या आसपास खातो, पंख्याएवढाच. एक्स आणि प्लेस्टेशन ५ दीडशे ते दोनशे वॉटपर्यंत जातात, वर टीव्ही वेगळा. एप्रिल-मेमध्ये एस तापतोही कमी. कमी ताकदीचा हा फायदा कोणी जाहिरातीत सांगत नाही, पण गावाकडची गिऱ्हाइकं सगळ्यात आधी हेच विचारतात.

जीटीए ६ चालेल का?

घोषणा प्लेस्टेशन ५ आणि सिरीज एक्स-एस या सगळ्यांसाठी झाली आहे. म्हणजे एसवर येणार. कसा दिसेल ते आल्यावर मागच्या टीव्हीवर लावून दाखवतो, त्याआधी कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडूनच घ्या.

दुकानात दोन्ही शेजारी लावून बघता येतील?

येतील, रविवारी दुपारी चारनंतर. येताना दोन गोष्टी घरी बघून या. टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, आणि पलंगापासून टीव्हीपर्यंतचं अंतर. फुटात सांगा, पावलांत नको. परवा एकजण "सात पावलं" म्हणाले आणि त्यांच्या मुलाने मोजली तर अकरा भरली.